सात नंबरची हवा

माझ्या भावाला तुम्ही मारलंत, साहेब. समुद्राचं नाव पुढे करू नका, समुद्राला सही करता येत नाही. सही तुमची आहे, निळ्या शाईतली, खाली गोल शिक्का, आणि ते पत्र माझ्या उशाखाली असतं.

मी कोण ते तुम्हाला माहीत आहे. तरी सांगते, कारण विसरायची तुम्हाला सवय आहे. मी धक्क्यावर सिलिंडर भरते. पाणबुड्यांच्या पाठीवर जी हवा असते ती कॉम्प्रेसरने दाबून त्या नळकांड्यात भरायची, हे माझं गेल्या अकरा वर्षांचं काम. भाऊ मला फुंकणी म्हणायचा. एक तर हवा भरते म्हणून, आणि दुसरं म्हणजे मी लगेच पेटते म्हणून. त्याला सगळे कासव म्हणायचे. तो खाली गेला की इतका सावकाश श्वास घ्यायचा की दुसऱ्याचा सिलिंडर संपून तो वर येऊन केस पुसून मोकळा झाला तरी ह्याचा अर्धा शिल्लक. वहिनी म्हणायची, “ह्यांना हवा कमी लागते, जेवण मात्र दोघांचं.”

त्याचं काम मोजदादीचं. धक्क्यापासून बोटीने दीड तासावर प्रवाळाचा तो लांब खडक आहे. तिथे ना हॉटेल, ना दिवा, ना किनारा. वरून बघाल तर नुसतं पाणी, जरा फिकट. खाली मात्र माणसाच्या हाताने न बिघडलेलं सगळं जसंच्या तसं. शिंगांसारखी फांद्यांची प्रवाळं, मेंदूसारखे गोल गड्डे, पंख्यासारखे उभे जांभळे पडदे, आणि त्यांच्यात शेकडो मासे, जे माणसाला घाबरत नाहीत कारण माणूस म्हणजे काय ते त्यांना अजून कळलेलं नाही. जागा इतकी जपलेली की तुमच्याच खात्याचा नियम आहे: एका वेळी एकच माणूस पाण्यात. वर्षानुवर्षं तो एक माणूस म्हणजे माझा भाऊ. पाटीवर पेन्सिलीने लिहून आणायचा, कुठलं वाढलं, कुठलं पांढरं पडलं.

त्याची एक खोड होती. खाली गेला की दोन्ही हात काखेत दाबून ठेवायचा, मास्तरांनी रागावलेल्या पोरासारखा. मी एकदा विचारलं, “थंडी वाजते का तुला?”

“हाताला सवय वाईट असते गं. दिसलं की शिवायला जातो. बांधून ठेवलेला बरा.”

हे हात लक्षात ठेवा, साहेब. पुढे लागतील.

आता तुमचं पत्र. आमचा जनरेटर धक्क्याच्या पार टोकाला होता, कॉम्प्रेसरच्या खोलीपासून साठ पावलांवर. तुम्ही पाहुण्यांसाठी त्या टोकाला लाकडी सज्जा बांधलात. पाहुण्यांना आवाज नको, धूर नको. म्हणून लिहिलंत: “सदर जनरेटर सात दिवसांच्या आत कॉम्प्रेसर कक्षाच्या मागील बाजूस हलविण्यात यावा.” झालं. आता कॉम्प्रेसर हवा ओढतो तो पाइप त्याच मागच्या भिंतीला आहे. म्हणजे धूर सोडणाऱ्याच्या तोंडाला श्वास घेणाऱ्याचं नाक लावायचं. भावाने उत्तर लिहिलं की जनरेटर हलवतो, पण पाइप बारा मीटर लांब न्यायला परवानगी द्या. तुमचं दुसरं पत्र आलं: “इमारतीच्या मूळ स्वरूपात कोणताही बदल करता येणार नाही.” ते पण माझ्याकडे आहे. भावामागे तुमची पत्रं वाचून आणि त्यांना उत्तरं देऊनच तर मी असं लिहायला शिकले.

मग आम्ही आमचा मार्ग काढला. जुन्या चादरीची एक चिंधी काठीला बांधली आणि काठी छपरावर रोवली. चिंधी समुद्राकडे फडफडली की धूर समुद्राकडे, तेव्हा भरायचं. चिंधी भिंतीकडे वळली की कॉम्प्रेसर बंद. लाखांचं यंत्र आणि त्याची अक्कल एका चिंधीत. पाच महिने आम्ही असं भागवलं. पाच महिने काही झालं नाही, आणि काही होत नाही तोवर तुमच्यासारख्यांचं बरोबरच असतं.

त्या दिवशी सात सिलिंडर भरायचे होते. तुमचा निरोप होता, मोजदाद आज पुरी करून पाठवा, उद्या मला वर सादर करायची आहे. सकाळी चिंधी समुद्राकडे होती. पाच भरले. सहा आणि सात एकदम लावले आणि मी आत जाऊन पट्ट्या लिहायला बसले. आमची पद्धत अशी आहे: भरलेल्या सिलिंडरच्या तोंडावर कागदी पट्टी लावायची, तिच्यावर तारीख, नंबर, दाब आणि भरणाऱ्याची खूण. पट्टी अखंड असेल तर सिलिंडर भरलेला. आणि ज्याने पट्टी लावली त्यानेच ती फाडायची, किंवा जो ती हवा पिणार आहे त्याने. तिसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

बाहेर आले तेव्हा चिंधी भिंतीकडे वळलेली होती.

कधी वळली? मला माहीत नाही. मी मनाशी म्हटलं, आत्ताच वळली असेल. मग सगळे करतात तेच केलं. सहा नंबरचं तोंड जरासं उघडलं, नाक लावलं. वास नाही. सात नंबर. वास नाही. धुराची हवा असती तर वास आला असता, असं आमच्या धंद्यात म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे समजतात. पट्ट्या लावल्या. खूण केली.

कॉम्प्रेसरचा फिल्टर वास खातो, साहेब. धुरातलं विष खात नाही. हे मला नंतर कळलं. तुम्हाला आधीच माहीत होतं, कारण भावाच्या पत्रात पाचवी ओळ तीच होती.

माझा गुन्हा मी इथे लिहून दिला. चिंधी वळलेली पाहिली आणि तोंड मिटून घेतलं. आता तुमचा तुम्ही लिहा.

भाऊ सहा नंबर घेऊन उतरला. सात नंबर राखीव म्हणून बोटीत. बोट चालवणारे काका दिवसभर तोंडाचा पट्टा चालवतात म्हणून सगळे त्यांना मुके काका म्हणतात. त्या दिवशी वायरलेसवर त्यांचा आवाज आला तो एवढाच: “बुडबुडे थांबले.”

मी पाच नंबर पाठीवर घेतला आणि दुसऱ्या बोटीने सुटले. पोहायला आणि बुडी मारायला मला त्यानेच शिकवलं होतं. दीड तास. दीड तासात काय आशा ठेवायची असते ते ज्याने ठेवली त्यालाच ठाऊक. चोवीस मीटरवर सापडला. प्रवाळावर नाही, दोन गड्ड्यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर. कुशीवर. हात काखेत. शुद्ध जाता जाताही तो वाळूकडे सरकला होता, खालचं काही मोडू नये म्हणून. भोवती मासे नेहमीसारखे फिरत होते. एक तर त्याच्या खांद्याला चिकटून उभा होता, सोबतीला असल्यासारखा.

बोटीवर त्याचा मुखवटा काढला तर गाल गुलाबी. ओठ लाल. मुके काका म्हणाले, “अगं, जिवंत आहे! रंग बघ!” बिचारे त्याची छाती दाबत बसले धक्का येईपर्यंत. तो रंग त्या विषाचा असतो. झोपल्यासारखा चेहरा करून ठेवतं. वरच्या हवेत ते नुसतं डोकं दुखवतं, खाली गेलं की तेच तिपटीने दाबून रक्तात शिरतं. आणि कासव सावकाश श्वास घ्यायचा. खाली जास्त वेळ राहायचा. ज्या गोष्टीचं सगळ्यांना कौतुक तीच नडली.

तुमच्या माणसांनी त्याच्या अंगावरचं सगळं सामान जप्त केलं. सहा नंबर “सुरक्षेच्या कारणास्तव” मोकळा केला. म्हणजे एकुलता एक पुरावा फुस्स करून हवेत सोडला. आणि मग अहवाल आला. “सिलिंडरमधील हवा निर्दोष होती. मयताने अधिक खोलीवर जाऊन प्रवाळ तोडण्याचा प्रयत्न केला असावा व त्यात दमछाक होऊन मृत्यू ओढवला असावा.”

असावा! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते, तुम्ही तर टाळूच घेऊन गेलात. आयुष्यभर ज्याने हात काखेत ठेवले त्याला तुम्ही चोर केलंत, एका “असावा”वर. धक्क्यावरच्या फळीवर पाणबुड्यांची नावं आहेत, तिथून त्याच्या नावावर पांढरा रंग फासलात. वहिनी त्याच धक्क्यावर पाणबुड्यांचे सूट धुवायचं काम करते. रोज सकाळी त्या पांढऱ्या चौकोनासमोरून जाते. एकदा मला म्हणाली, “ते गेले ते मी सोसलं. पण नाव पुसलं ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की कुणाचा तरी जीव घ्यावा.”

“नाव परत येईल,” मी म्हटलं.

“कसं?”

 सात नंबर अजून होता. जप्तीच्या यादीत “मयताच्या अंगावरील” सामान होतं, बोटीतलं राखीव नव्हतं. काकांनी तो आणून माझ्या खोलीत ठेवला, पट्टी अखंड. एकाच वेळी, एकाच नळीवर भरलेला सहाचा जुळा भाऊ. मी तपासणीसाठी अर्ज केला. तपासायचा अधिकार एकाच प्रयोगशाळेला, आणि ती तुमच्या खात्याची. तीन अर्ज, तीन पोचपावत्या, उत्तर शून्य.

आठ महिन्यांनी तुम्ही स्वतः उगवलात. पाण्यात उतरायचा नवा कोरा सूट, सोबत फोटो काढणारा. म्हणालात, “ती अजिबात हात न लागलेली जागा मला बघायचीय. मला तिथे घेऊन कोण जाईल?”

धक्क्यावर सगळे खाली बघायला लागले. मी म्हटलं, “मी.”

“तू सिलिंडरवाली ना?”

“हो. पण ती जागा मला पाठ आहे.”

तीन माणसं पाण्यात उतरणार होती, आणि नियम एकाचा. पण नियम तुमचा आणि पाणीही तुमचंच.

मी बोटीत सिलिंडर चढवले. त्यात सात नंबर चढवला. जुनी पट्टी आत दुमडून टाकली. लपवत नाही, साहेब. त्या सकाळी मी शिट्टी वाजवत होते. तुमच्या पाठीवर तो बांधायचा, तुमचा हात धरून चोवीस मीटरवर न्यायचं, आणि त्याच वाळूच्या पट्टीवर बसवून बघत राहायचं. तुमचे गाल कसे दिसतील तेही मी ठरवून टाकलं होतं. तुमच्यावर गुलाबी शोभला असता.

बोट अर्ध्यावर आली. तुम्ही पुढे टपावर फोटो काढून घेत होतात. मुके काकांनी पट्टीचं टोक दोन बोटांनी उलगडलं, वाचलं आणि पहिल्यांदाच आपल्या नावाला जागून एक मिनिट गप्प राहिले.

“फुंकणे, ही पट्टी जुनी आहे.”

“माहितेय.”

“माहितेय म्हणे! अगं, हा खाली मेला तर काय होईल कळतंय का?”

“कळतंय. म्हणून तर आणलाय.”

“नाही कळत तुला. हा मेला की धक्क्यावर ह्याचा पुतळा बसवतील. समुद्रासाठी प्राण दिले म्हणून. फळीवर सगळ्यात वर ह्याचं नाव. त्याला हार घालायला तुझ्या वहिनीला बोलावतील. चालेल?”

मी पट्टीचं टोक पुन्हा आत दुमडलं.

“आणि मेलेला माणूस उत्तर देत नाही,” काका म्हणाले. “तुला उत्तर पाहिजे की मढं पाहिजे ते ठरव. दोन्ही नाही मिळणार.”

मी सात नंबर काढला आणि बसायच्या फळीखाली सरकवला. तुम्हाला चांगला, त्याच सकाळी भरलेला सिलिंडर दिला. दया आली असं समजू नका. पुतळा नको होता, एवढंच.

खाली गेलो. त्या जागेने तरी तुमचं तोंड बंद केलं, नाइलाजाने का होईना. पाणी असं की वीस मीटरवरूनही बोटीची तळाकडची फळी दिसत होती. जांभळे पडदे एका लयीत झुकत होते. मी तुम्हाला वाळूची पट्टी दाखवली. दोन्ही बाजूंचे गड्डे, सगळ्या फांद्या, सगळी टोकं शाबूत. बोटाने एकेक दाखवलं: हे बघा, हे बघा, कुठे तोडलंय ते दाखवा. तुम्ही अंगठा आणि बोट जुळवून “मस्त” अशी खूण केलीत. मग फोटोसाठी वळलात आणि तुमच्या पायातल्या पंखाने शिंगांचा एक आख्खा झुपका मोडला. खाली धूळ उठली. त्या झुपक्याचं वय भावाने पाटीवर लिहून ठेवलं होतं, माझ्याहून जास्त. तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाहीत.

वर आल्यावर टॉवेलने कान पुसत तुम्ही काय म्हणालात आठवतं? म्हणालात, “विलक्षण आहे! खरं सांगू, तुझ्या भावाला दोष देत नाही मी. एवढं सुंदर बघून कुणालाही मोह होईल.”

काकांनी इंजिन सुरू केलं, नाहीतर मी काय केलं असतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी तुमच्या कचेरीत आले. चौदा किलोचा सिलिंडर खांद्यावर, तिसरा मजला, लिफ्ट बंद. शिपाई म्हणाला, “ताई, गॅसवाले मागच्या दाराने येतात.” मी म्हटलं, “ही साहेबांची हवा आहे, पुढच्याच दाराने जाणार.” तो हसला आणि त्याने दार उघडलं.

खोली बंद, एसी चालू, खिडक्यांच्या कड्यांवर रंगाचे थर. मी सिलिंडर तुमच्या टेबलावर फायलींच्या मधोमध उभा केला.

“हे काय आहे?”

“सात नंबर. त्याच दिवसाचा, त्याच नळीवरचा. पट्टी वाचा.”

तुम्ही वाचलीत. चष्मा काढून पुन्हा लावलात.

“तुमच्या अहवालात लिहिलंय की हवा निर्दोष होती,” मी म्हटलं. “म्हणजे ही पण निर्दोष. दहा मिनिटं श्वास घ्या. मी गप घरी जाते, परत अर्ज करत नाही.”

“मी कशाला घेऊ? काय पोरखेळ आहे हा?”

“बरं. मग मी घेते.”

पट्टी मी लावली होती, मीच फाडली. रेग्युलेटर बसवला, तोंडात धरला, आणि तुमच्यासमोरच्या खुर्चीत बसले. हात काखेत. वरच्या हवेत दहा मिनिटांत मी मरणार नाही, नुसतं डोकं ठणकेल, हे मी पुस्तकातून वाचून आले होते. तुम्ही वाचलं नव्हतंत. तुम्हाला फक्त आत काय आहे ते माहीत होतं.

पहिलं मिनिट तुम्ही फाइल चाळलीत. दुसऱ्या मिनिटाला म्हणालात, “नाटक पुरे.” तिसऱ्याला पाणी प्यायलात. मी बाहेर सोडलेला प्रत्येक श्वास तुमच्याच खोलीत जात होता, आणि तुम्ही खुर्ची मागे सरकवत सरकवत भिंतीला टेकलात. चौथ्या मिनिटाला ओरडलात, “काढ ते तोंडातून!” मी मान हलवली. नाही.

मग तुम्ही खिडकीकडे धावलात. कडी रंगाने चिकटलेली. हाताने निघेना तेव्हा कागद दाबायचा काचेचा गोळा घेऊन ठोकलीत, बोटाचं साल निघालं, तरी ठोकत राहिलात. खिडकी उघडल्यावर डोकं बाहेर काढून श्वास घेतलात. आणि शिपायाला हाक मारलीत: “दार उघडं ठेव! सगळी दारं उघडी ठेव!”

शिपायाने दार उघडं ठेवलं. त्याने सगळं पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता आणि हसत नव्हता.

मी तोटी बंद केली. नवी पट्टी लावली, तारीख घातली, दाब लिहिला. अजून एकशे सत्तर बार दाब शिल्लक आहे. सिलिंडर कुठे आहे ते विचारू नका. जप्तीची माणसं घरी पाठवलीत, त्यांनी वहिनीची भांडीसुद्धा उलटीपालटी केली, सापडला नाही.

तुम्ही परवा निरोप धाडलात, अहवालावर पुन्हा विचार करू, सिलिंडर जमा कर. आधी विचार करा, साहेब. “असावा” खोडा. फळीवरचा पांढरा रंग खरवडा, तोही तुमच्या हाताने, पाहुण्यांच्या सज्ज्यासमोर, वहिनी उभी असताना. मी माझी चिंधीची गोष्ट कुठल्याही कोर्टात सांगायला तयार आहे, त्याची जी शिक्षा होईल ती घेईन.

तोवर हा कागद तुमच्या टेबलावर, शिपायाच्या हातात, धक्क्याच्या फळीवर त्या पांढऱ्या चौकोनात, सगळीकडे चिकटवलेला सापडेल. त्यावर प्रश्न एकच आहे, आणि उत्तर मला लेखी पाहिजे, सहीशिक्क्यासह.

हवा निर्दोष होती, तर खिडकी का उघडलीत?